एक ऊन तीस

२ मार्च २०१३
लग्नाला सव्वीस वर्षं झाली. बायको कोणाला तोंडावर उलट बोलली असं फारसं पाहिलं नव्हतं (मला सोडून). आज सुमनने डॉक्टरांना सांगितलं, "ही गोळी मी बंद करणार."

छातीचा कॅन्सर. ऑपरेशन, केमो, मग रेडिएशनचा शेक. मागच्या दिवाळीपर्यंत हे सगळं तिने एक अवाक्षर न काढता केलं. आणि अडली कुठे, तर मुगाएवढ्या गोळीवर. रोज एक, पाच वर्षं. आजार परत फिरकू नये म्हणून. ती सुरू झाल्यापासून सकाळी बोटं मिटत नाहीत आणि मिटली तर उघडत नाहीत. गणिताची बाई, आणि खडू धरता येत नाही.
"जूनमध्ये रजा संपेल, शाळा उघडेल. फळ्यासमोर उभी राहून पोरांना काय दाखवू? मूठ?"

डॉक्टर वयाने तरुण, बोलायला सरळ. म्हणाल्या, "मॅडम, जूनपर्यंत मला वेळ द्या. काही तपासण्या राहिल्यात. मग दोघी मिळून ठरवू. तोवर गोळी सोडायची नाही."
सु. म्हणाली, "जूनपर्यंत. त्यापुढे मुदतवाढ नाही."

रक्त दिलं. वजन झालं. कंबर मोजली. टेपवरचा आकडा बघून आ. प्र. हसला. (आ. प्र. म्हणजे अस्मादिक. साप्ताहिकात 'आमच्या पनवेलच्या प्रतिनिधीकडून' लिहून लिहून स्वतःला तेच म्हणायची सवय.) नर्सने लगेच त्याचीही मोजली. आ. प्र.ने पोट आत घेतलं.

६ मार्च
रिपोर्ट आले. ड जीवनसत्त्व तीस तरी हवं, हिचं नऊ. साखर सीमेवर नाही, सीमा ओलांडून आत येऊन बसलीय. वजन केमोपासून वाढतंच आहे. हाडं विरळ.

डॉ. म्हणाल्या त्यातलं जेवढं टिपलं तेवढं: ही गोळी हाडं झिजवते. हाडांसाठी इंजेक्शन आहे, पण ड भरल्याशिवाय देता येत नाही. ड कमी असलं की सांधे जास्त धरतात असं दिसतं. भरलं की सुटतीलच असं वचन नाही. साखर आणि पोटावरची चरबी, दोन्ही उतरवायची. "या आजारानंतर ते नुसतं दिसण्यापुरतं नसतं, मॅडम." आठवड्यातून एकदा ड ची पूड, दुधातून. आठवड्यातून एकदाच, हे दोनदा बजावलं. रोज चालणं. आणि, "ऊन खा. शेक दिलेली डावी बाजू झाकून. उजवा हात आणि पाय उघडे. भाजून घ्यायचं नाही."

रिक्षात मी पांडित्य काढलं. करणार काय, पाठशाळेत चार वर्षं घालवली त्याचं व्याज. म्हटलं, ड हे मूर्धन्य. मूर्धा म्हणजे डोकं. ऊन डोक्यावर पडतं, ते ठीकच. पण गंमत पुढे आहे. संस्कृतात ऊन म्हणजे उणं, कमी. आपल्याकडे ऊन म्हणजे ऊन. तेव्हा तुझ्यात ऊन आहे, कारण तुला ऊन नाही.

बाहेर बघत होती. तिथूनच:
"मग एकोणीस म्हणजे?"
"एक-ऊन-वीस. विसाला एक कमी."
"पोरं दरवर्षी विचारतात, बाई, नवदहा का नाही म्हणायचं? मी म्हणायची, गप्प बसा." मग, "तुमच्या संस्कृतचा पहिल्यांदाच उपयोग झाला."

सव्वीस वर्षांत पहिलं प्रशस्तिपत्रक. नोंद करून ठेवली.

१० मार्च
ऊन खायचं कुठे? आमच्या बाल्कनीत ते येतं ते समोरच्या बिल्डिंगच्या काचेवर आपटून, उष्टं. तळ्याकाठी बागेत बाकं आहेत, पण सु. जाणार नाही. "तिथे सगळे मान तिरकी करून विचारतात, कशी आहे गं आता तब्येत? मान सरळ ठेवून विचारणारा एकही नाही."

राहिली गच्ची. तिला कुलूप. किल्ली सेक्रेटरी खोतांकडे. जिन्यात नोटीस: 'गच्ची फक्त वाळवणासाठी व टाकी सफाईसाठी उघडण्यात येईल.'
म्हटलं, खोतांना सांगतो डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून.
"माझा आजार सांगून किल्ली मागणार? नको. पापड करू."

१७ मार्च
चौथ्या मजल्यावर म्हात्रेकाकूंकडे पापड. काकू मूळच्या करंजाच्या, बंदरावर मासळीच्या लिलावात उभं आयुष्य गेलेलं. त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्यांच्याकडे नाही. बिल्डिंगमधल्या सात-आठ बायका. सु. पूर्वी या कामातली पट्टीची. हिचा पापड पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल इतका पातळ. (मी वाचलंय. अग्रलेखसुद्धा.)

आज लाटणं धरता आलं नाही. दोन लाट्या कशाबशा केल्या, तिसरी पोळपाटावरच राहिली. सगळ्यांची लाटणी थांबली. म्हात्रेकाकू मोठ्याने, म्हणजे त्यांच्या हिशेबाने हळूच:
"हात चालत नाय त नाय. डोले त चालतान ना, मास्तरीनबाय? मंग तू बस राखनीला. आमी लाटतो, तू कावले हाकल."

झालं. किल्ली सु.कडे. आल्यावर म्हणाली, "नोकरी मिळाली."  संध्याकाळी हाताला तेल लावताना बराच वेळ त्या बोटांकडे बघत होती.

२१ मार्च
सकाळी दहा ते बारा गच्चीवर पुरुषांना मज्जाव. खुद्द सु.चा वटहुकूम. राखण करणारीची सलवार गुडघ्यापर्यंत, उजवी बाही खांद्यापर्यंत, डावी बाजू ओढणीत बंद. "अर्धी पैलवान, अर्धी नववधू," हे तिचंच वर्णन. प्रतिनिधीने ताक घेऊन जिन्याच्या शेवटच्या वळणापर्यंतच यायचं, हाक मारायची, तांब्या ठेवून मागे फिरायचं. यापुढे गच्चीची सर्व वृत्तं जिन्यावरून ऐकून. तसं पाहिलं तर आमच्या धंद्यात हे नवीन नाही.

ऐकू आलं ते: काठी आपटल्याचा आवाज. "हाड!" मग म्हात्रेकाकू, "अगो, हाड कुत्र्याला म्हंतात, कावल्याला नाय."
मग सु. हसली. हा आवाज किती महिन्यांनी? हिशेब तिचा विषय, तिलाच विचारायला हवा.

३० मार्च
उलव्याला गेलो होतो. होऊ घातलेल्या विमानतळाच्या आसपासच्या बांधकामांची बातमी. विटा वाहणाऱ्या बायका डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेल्या, फक्त डोळे उघडे. तिथे ऊन भरपूर आणि बाकी सगळं ऊन. संपादकांना हे वाक्य कळणार नाही म्हणून बातमीत घातलं नाही.

घरी सांगितलं. सु. म्हणाली, "त्यांच्यातही कमीच निघेल. एवढ्या उन्हात आणि अंगाला एक कवडसा नाही." 

पुडीचा चौथा आठवडा. बोटं तशीच. तळ्याला फेऱ्या, पण अंधार पडल्यावर, कोणी ओळखणार नाही अशा वेळी. ती पुढे, मी मागे, सप्तपदीच्या उलट. भात निम्मा. ज्वारी. आ. प्र.ची कंबर किंचित उतरली, हिची नाही. दैवगती.

११ एप्रिल
पाडवा. श्रीखंड एक चमचा. चमचा चाटून पुसून. बाकीचं मी. तिने ताटाकडे बघितलंही नाही. मी पुराणातले सगळे तपस्वी ऐकून आहे, पण ते अरण्यात होते. समोर श्रीखंड खाणारा नवरा त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

१६ एप्रिल
ताक घेऊन वळणावर उभा होतो. वरून दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीवहिनींचा आवाज. आपले पापड गोळा करत कोणाला तरी सांगत होत्या.
"नको गं बाई. एवढी जहाल औषधं तिच्या अंगात. सारखी तिथे बसलेली असते. पापडांना लागलं म्हणजे?"

मी ऐकलं. म्हणजे सु.नेही ऐकलं. ती दहा पावलांवर असणार.
वहिनी ताटं घेऊन खाली आल्या, मला बघून "आज फार कडक आहे नाही ऊन?" म्हणाल्या. मी "हो" म्हणालो. लाज वाटते त्या हो ची.

सु. बाराच्या आधीच उतरली. सलवार खाली, बाही खाली. "किल्ली खोतांना देऊन या."

१७ एप्रिल
गच्ची नाही. फिरायला नाही. "काल रात्रीपासून गोळीही बंद केलीय," असं स्वतःच सांगितलं, जेवताना, मीठ मागावं तसं. "बोटं अशीच राहणार असतील तर निदान शाळा तरी मिळू दे."

सांगण्यासारखं खूप होतं. डॉक्टरांना जूनपर्यंतचा शब्द दिलाय. पाच वर्षांतले चारच महिने झालेत. तू नसलीस तर. सुभाषितं तोंडपाठ आहेत, सगळी संकटात धीर धरण्याची. ज्यांनी रचली त्यांना संध्याकाळी असं समोर बसून जेवायचं नव्हतं. मी मीठ दिलं.

१९ एप्रिल
तीन दिवस गोळी नाही.

सकाळी बेल. म्हात्रेकाकू. हातात टोपली. टोपलीआधी वास आत आला.
"भावानं करंजावरनं बोंबील धारलेत. अजून ओले हायेत. गच्चीवर टाकते. राखनीला मानूस नाय."
सु. आतूनच, "काकू, माझी औषधं लागतील तुमच्या बोंबलांना."
"माज्या बोंबलाला? अगो, माजा बोंबील तुला लागंल! चल ऊठ. मना गुडघ्यान दोनदा चरता येत नाय जिना."

मी पाहत होतो. काकू टोपली घेऊन दारातच उभ्या. मग आतल्या खोलीत कपाट वाजलं. बाहेर आली ती जुनी सलवार घालून, काठी घेऊन. खोतांकडून किल्ली काकूंनी आधीच आणली होती. आमच्या घराण्यात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. आज सून बोंबलांची राखणदार. पितर काय म्हणतील ते म्हणोत. मी दारापर्यंत पोचवायला गेलो.

रात्री जेवणानंतर गोळी घेतली. पाण्याचा घोट, आणि माझ्याकडे अशी नजर की जणू मीच गिळतोय. मी ताटं उचलली. ती म्हणाली, "बोला काहीतरी. गप्प बसलात की भीती वाटते."

२२ एप्रिल
जोशीवहिनींची खोतांकडे तक्रार. गच्चीवर बोंबील. खोत माझ्याकडे. "तुम्ही संस्कृतवाले. नोटिशीत वाळवण लिहिलंय. वाळवणात मासे येतात का?"

इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी शास्त्रार्थ मागायला आलं नव्हतं. आसन घेतलं. सांगितलं, वाळवणे ही क्रिया. क्रियेचं विधान आहे, द्रव्याचा निर्देश नाही. जे जे ओलं आहे आणि सुकवायचं आहे ते ते वाळवण.
"म्हणजे चालतात?"
"शास्त्राला अडचण नाही. नाकाला असेल."
खोतांनी पूर्वेकडचा कोपरा बोंबलांना दिला. वारा पश्चिमेकडून येतो हे त्यांनी बघितलं होतं. गृहस्थ वाटतो तितका वाईट नाही.

५ मे
आंबा. हिला एक फोड. आ. प्र.ने सहानुभूती म्हणून आंबा सोडला. कचेरीत खाल्ला तो धरत नाही.

९ मे
जिन्यात नवी नोटीस: 'पाण्याच्या टाकीवर कोणीही लिहू नये.' खोत भेटले. "अहो, आपल्या टाकीवर बीजगणित कोण सोडवतंय?"
मला कुठे माहीत? मी जिन्याचा वार्ताहर.

संध्याकाळी गच्ची रिकामी असताना किल्ली घेऊन वर गेलो. प्रथमच.
काळी टाकी. उंची शाळेच्या फळ्याएवढी. खालपासून वर खडूचं अक्षर. अगदी तळाशी, बसून लिहिलेलं असणार, मुंग्यांची रांग फुटावी तसे आकडे. एक आठ तर मध्येच सुटलेला, वरचं वर्तुळ पुरं, खालच्याचा नुसता ओरखडा. त्यावर थोडं बरं. त्यावर आणखी. उभं राहून लिहिलेली वरची ओळ, वर्गसमीकरण, दोन्ही मुळं काढलेली. सरळ. बरोबरची चिन्हं एकाखाली एक. तिचीच.

काठी भिंतीला टेकलेली. खडूचा तुकडा टाकीच्या पायाशी, वर कागद, कागदावर दगड. दव लागू नये म्हणून.
पुसायला फडकं नेलं होतं. तसंच परत आणलं.
घरी काही सांगितलं नाही. पोळी वाढताना तिने विचारलं, "वर गेला होतात?"
"कोणी सांगितलं?"
"गुडघ्याला खडू लागलाय. बसून वाचलंत."

११ मे
खोत स्वतः वर जाऊन बघून आले. नोटीस काढली. म्हणजे आधी काढली होती ती काढली. मराठी भाषा.

२० मे
जोशीवहिनी घरी आल्या. हातात रिपोर्ट. त्यांचंही ड निघालं अकरा. त्यांच्या बहिणीचं तर आणखी कमी. "सगळ्यांचंच निघतंय हो आजकाल. ते तुमचं पुडीचं पाकीट कुठलं? आणि तुम्ही वर किती वेळ बसता?"

मी पेपरात डोकं घातलं. आता हिशेब चुकता होणार.
सु. म्हणाली, "पाकीट डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. माझं मला, तुमचं तुम्हाला. ऊन मात्र या खायला. दहाला."
वहिनी उठल्या. दारापर्यंत गेल्यावर सु.:
"फक्त माझ्या पापडांपासून जरा लांब बसा हं. तुमची औषधं सुरू होतील ना आता."
वहिनींचा चेहरा. मग त्या हसल्या. हसण्याशिवाय काही ठेवलंच नव्हतं हिने.

पेपर उलटा धरला होता, हे नंतर कळलं.

२७ मे
गच्चीवर आता पाच जणी. जिन्यावरून: म्हात्रेकाकू बोंबलाच्या कालवणाची कृती सांगतात, जोशीवहिनी ऐकत नसल्याचं दाखवून मध्येच "आणि कोकम कधी?" विचारतात. वाळवण केव्हाच संपलं. एक ताट कुरडया रोज नेतात आणि रोज परत आणतात. खोतांना दाखवायला.

सु. काल म्हणाली, सकाळी बोटं पूर्वीपेक्षा लवकर सुटतात. कधी कधी. आज सुटली नाहीत. चहाचा कप दोन्ही हातांनी.
मी म्हटलं, तू टाकीवर लिहितेस ते बघून मला...
पुढचं वाक्य सापडलं नाही. कर्ता होता, कर्म होतं, क्रियापद आलं नाही. ती म्हणाली, "राहू द्या. कळलं."

८ जून
आभाळ भरलेलं. बायका ताट घेऊन वर गेल्या आणि ताट घेऊन खाली आल्या. उद्या रक्त द्यायचंय. सु. शांत आहे. मी नाही. गोळीचा निकाल जूनमध्ये असं ठरलं होतं, आणि जून आला की.

१५ जून
डॉक्टरांकडे. वजन थोडं उतरलं. कंबर उतरली. साखर उतरली, पण सीमेच्या आतच अजून, नुसती दाराजवळ सरकून बसलीय. डॉ. म्हणाल्या, "दिशा बरोबर आहे, काम संपलं नाही."
ड : एकोणतीस.
"छान. पुड्या आता महिन्यातून एक. हाडांचं इंजेक्शन पुढच्या खेपेला देऊ."

हाताची बोटं एकेक करून वाकवून बघितली. उजवी बरी. डावी अर्धी. मधलं बोट अजून हट्टी.
"मग मॅडम? गोळीचं काय ठरलं?"
 सु. म्हणाली, "सोमवारी शाळा आहे. पहिला तास दहावीचा. फळ्याला विचारते आणि सांगते."
डॉ. हसल्या नाहीत. "विचारा. नाहीच जमलं तर दुसरी गोळी आहे, ती बघू. पण मला न सांगता थांबवायचं नाही. मागे तीन दिवस थांबवली होतीत तशी."
हे त्यांना कोणी सांगितलं? माझ्याकडे बघू नये. सु.नेच सांगितलं होतं, फोन करून, गोळी परत सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मला आज कळतंय. आ. प्र.ला बातमी नेहमीच उशिरा.

घरी आल्यावर रिपोर्ट पुन्हा हातात घेऊन बसली. म्हटलं, एकोणतीस. नऊवरून एकोणतीस. वाईट नाही.
"एक ऊन तीस," ती म्हणाली. "एक ऊन राहिलंय. ते उद्या खाईन."

खिडकीतून बघितलं. चार वाजलेत आणि आभाळ आमच्या टाकीसारखं काळं, फक्त त्यावर कोणी लिहिलेलं नाही. दिवा लावला.
गच्चीची किल्ली खिळ्यालाच आहे. तिने दिली नाही, खोतांनी मागितली नाही. शाळेची पिशवी भरून झालीय. खडूचा डबा नवा.
रात्रीची गोळी तिने आतापासूनच ताटाशेजारी काढून ठेवलीय. अजून घेतलेली नाही. जेवण व्हायचंय.